पिसं गाळून जुना कोंबडा पुन्हा कामाला लागतो का?

काळीमाती_घाटंजी:
राम राम राजेहो. इथं शोधून पाहिलं, मोल्टिंगवरचे (पिसं गाळण्यावरचे) सगळे धागे अंड्याच्या लेयर कोंबड्यांचे. नराबद्दल कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतो.

माझ्याकडं असील जातीचा नर आहे, तिसरं संपून चौथं वर्ष लागलं. मामेभावानं गडचिरोलीकडून पिल्लू असताना आणून दिला होता. उभा राहिला की माणसानं थांबून पाहावं असा. त्याच्याखाली थोड्या असील माद्या, बाकी आपल्या गावरान. आधी खुडूक कोंबडीखाली ठेवलेलं जवळपास प्रत्येक अंड्यातून पिल्लू निघायचं. यंदा उन्हाळ्यापासून निम्म्याच्या वर अंडी कोरी निघून राहिली. छोट्या उबवणी मशीनमध्ये लावली तरी तेच. आणि नर तर दिवसभर माद्यांच्या मागं, पहाटे चारला अख्खी वस्ती उठवतो.

नर बदला, हे सांगायला गावात शंभर जण आहेत. त्याच्या तोडीचा दुसरा आणू कुठून? त्याचेच तलंगे ठेवावे तर ते आपल्याच बहिणींवर जातील. यूट्यूबवर एका भाऊनं सांगितलं की दहा दिवस दाणा बंद, त्यातले पहिले दोन दिवस पाणीसुद्धा बंद. पिसं सगळी झडतात आणि नवी आली की नर पहिल्यासारखा. मादीवर हे करतात ते ऐकून आहे. नरावर चालते का? कोणी करून पाहिलं काय?

सावजी_दरबार:
चौथ्या वर्षाचा असील म्हणजे चुलीवर अर्धा दिवस. मसाला मी आणतो, जागा तुमची. पिसं आपोआप निघतात.

काळीमाती_घाटंजी:
दरबार, तुम्ही आवतण दिलं तरी माझ्या घरी येऊ नका.

निवृत्त_पशुधन:
मोल्टिंग नरालाही होतं आणि ते करवताही येतं. पण आधी त्या यूट्यूबच्या भाऊचं बघू. पाणी बंद करायचं डोक्यातून काढून टाका. आपल्या हवेत पाणी तोडलेला नर पिसं गाळायच्या आधी मूत्रपिंडानं जाईल. दाणा पूर्ण बंद करणंही नको. त्यावर खाली लिहितो.

होतं काय, ते समजून घ्या. कोंबडा दिवसाची लांबी डोळ्यांनीच मोजतो असं नाही. कवटीतून आत जाणारा उजेड थेट मेंदूतल्या पेशींना कळतो. दिवस लहान होऊ लागला की मेंदूकडून प्रजननाच्या संप्रेरकांचा पुरवठा कमी होतो, पोटातली वृषणं आकसतात, टेस्टोस्टेरॉन उतरतं, थायरॉइडचा जोर वाढतो आणि जुनी पिसं सुटायला लागतात. म्हणजे पिसं झडली म्हणून नर ताजा होत नाही. वृषणं एकदा पूर्ण विश्रांतीला जाऊन पुन्हा नव्यानं भरतात, त्याचा फायदा असतो. पिसं ही नुसती बाहेर दिसणारी खूण.

आता आपल्याकडची अडचण. थंड देशांत हिवाळ्याचा दिवस सात-आठ तासांवर येतो. नागपूरला डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांच्या वर, आणि जूनमधला मोठा साडेतेराच्या आत. फरक एवढासा. त्यामुळं आपले गावरान नर भाद्रपद-आश्विनात अर्धवट झडतात. मान गळते, शेपटी गळते, पण माद्यांवर चढणं सुरूच. धड विश्रांती नाही, धड काम नाही. असा नर वर्षानुवर्षं ओढत नेला की मधे एकदा पूर्ण थांबवण्याला अर्थ आहे, हे मला पटतं.

पण तुमच्या बाबतीत नर दोषी आहे हे ठरवलं कोणी? अंडी गोळा किती वेळा करता, ठेवता कुठं, किती दिवसांची झाली की लावता? कोरी निघालेली अंडी फोडून पाहिली का? आणि नराला खायला काय? हे सांगा, मग पुढं बोलू.

काळीमाती_घाटंजी:
डॉक्टरसाहेब, सविस्तर सांगितल्याबद्दल आभार.

अंडी सकाळ-संध्याकाळ उचलतो. माजघरात बाजेखाली टोपलीत ज्वारीवर ठेवतो. कोंबडी खुडूक होईपर्यंत किंवा मशीन भरेपर्यंत जमवतो, त्यात दहा-पंधरा दिवस जातात. फोडून नाही पाहिली, मोबाइलच्या टॉर्चवर पाहतो. सातव्या दिवशी शिरा दिसल्या तर ठेवतो, नाही दिसल्या तर काढतो. नराला वेगळं काही नाही, माद्यांचंच लेयरचं खाद्य. वरून बैलांसाठी आणलेली सरकीची ढेप सगळेच चोचतात, कोठ्यातच असते ती.

धानपट्टा_गोंदिया:
भाऊ, उन्हाळ्यात माजघरात बाजेखाली म्हणता, तिथंच बिघडलं असेल जी. आमच्या बचत गटात कडकनाथ आहेत. आम्हालाही मे महिन्यात असंच व्हायचं आणि आम्ही सगळा दोष नरांना द्यायचो. उबवणी केंद्रातल्या मॅडमनी येऊन अंडी फोडायला लावली तेव्हा कळलं.

अंड्यातल्या गर्भाला वाढ सुरू करायला मशीनची सदतीस-साडेसदतीस डिग्री लागते असं नाही. एकवीस-चोवीसच्या पुढं हळूहळू सुरुवात होतेच. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, घरात अडतीस. टोपलीतच गर्भ वाढायला लागते, रात्री थोडं थंड झालं की थांबते, पुन्हा दुपारी वाढते. असं चार-पाच दिवस झालं की मरते. इतकं लहान असताना मरते की टॉर्चवर अंडं कोरं दिसते.

आता आम्ही कूलरच्या खोलीत खालच्या बाजूला ओल्या रेतीत माठ बसवतो आणि अंडी माठाच्या आत, टोकदार बाजू खाली. आठवड्याच्या वर ठेवत नाही. तेवढ्यानंच मोठा फरक पडला.

व्हेट_शेवटचं_वर्ष:
धानपट्टा ताईंनी सांगितलं त्याला जोडून. फोडून बघायची पद्धत सांगतो, कारण टॉर्चवर 'कोरं' आणि 'लवकर मेलेलं' यात फरक करणं अवघड असतं, गावरान अंड्याचं कवच बदामी असलं की आणखीच.

ताजं अंडं, त्याच दिवशीचं, पसरट ताटलीत हलक्या हातानं फोडा. बलक फिरवून वरचा पांढरा ठिपका शोधा. नराचं बीज नसेल तर तो ठिपका लहान, घट्ट पांढरा, कडा वेड्यावाकड्या, दोन-तीन मिलिमीटरचा. बीज धरलं असेल तर ठिपका थोडा मोठा, गोल, आणि भोवती स्पष्ट कडं. मधला भाग फिका दिसतो, कड्यासारखा. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चुकत नाही. टोपलीत वाढून मेलेलं असेल तर ठिपक्याऐवजी मलईसारखा मोठा पापुद्रा पसरलेला दिसतो, कधी लाल कडं.

एका अंड्यावरून काही ठरवू नका. प्रत्येक मादीची दोन-तीन तरी फोडा. कधी कधी नर ठणठणीत असतो आणि एक-दोन माद्या त्याला जवळ येऊ देत नाहीत, त्यांचीच अंडी कोरी निघतात.

हिशेबी_वाशीम:
एवढं सगळं कशाला? माझे साडू लेयरचं मोठं फार्म चालवतात. दहा दिवस उपाशी, वजन पंचवीस-तीस टक्के उतरवायचं, मग पुन्हा खाद्य. माद्या दुसऱ्या वर्षी मस्त अंडी देतात. नर काय वेगळा प्राणी आहे का? उपास एकादशीचा माणूस करतो.

निवृत्त_पशुधन:
माणूस उपास करतो तो स्वतःच्या इच्छेनं, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन.

हिशेबीभाऊ, प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न-पाणी न देणं गुन्हा आहे. त्याच आधारावर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०११ मध्ये उपाशी ठेवून मोल्टिंग करणं थांबवा, असं फार्मवाल्यांना कळवलं. हा झाला कायदा. व्यवहार बघायचा तर लेयर फार्मवर हजार माद्यांतल्या काही मेल्या तर त्या हिशेबात धरलेल्या असतात. काळीमातींकडं नर एकच आहे. तो मेला तर हिशेब तिथंच संपतो.

शिवाय लेयर मादी चरबीवर असते. असील नर म्हणजे हाड आणि स्नायू, त्याला जाळायला चरबीच नाही. उपाशी ठेवला की स्नायू जळतात, आणि छातीचं हाड सुरीसारखं वर आलेला नर परत उभा करायला कित्येक महिने लागतात. एकेकाळी झिंक ऑक्साइड भरपूर घालून भूक मारायचाही प्रकार होता. त्याचाही नाद नको. एवढं जस्त हे विषच आहे, आणि घरी मोजणार कशानं?

हिशेबी_वाशीम:
कायद्याचं माहीत नव्हतं. साडूंना विचारतो. पण उपाशी न ठेवता पिसं गळतातच कशी, ते सांगा ना मग.

निवृत्त_पशुधन:
सांगतो. त्याआधी सरकीचं.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाई-बैलांच्या पोटात, रवंथ करणाऱ्या पोटात, ते बरंचसं निकामी होतं म्हणून त्यांना चालतं. कोंबडीला ती सोय नाही. साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-शेवाळी पडतो, हे आपल्या कापूसपट्ट्यातल्या बायका जाणतात. विचारा कुणालाही, "सरकी खाल्लेल्या कोंबडीचं अंडं" म्हणून वेगळं ओळखतात. आणि नराच्या बीजावर गॉसिपॉलचा परिणाम तर माणसांपर्यंत माहीत आहे. चीनमध्ये पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी त्याच्यावर मोठ्या चाचण्या झाल्या होत्या, दुष्परिणामांमुळं त्या सोडून दिल्या. नर रोज कोठ्यात सरकी चोचत असेल, तर मोल्टिंगच्या आधी ती ढेप उचलून वर ठेवा. हे आजच करा.

दुसरं लेयरचं खाद्य. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. नर कवच घालत नाही, त्याला एक टक्का पुरतो. बाकीचं मूत्रपिंडावर जातं. नराला खाण्याची जागा वेगळी करा. उंच टांगलेलं भांडं, माद्यांची मान पोहोचणार नाही इतकं. असील उंच असतो, तुमचं काम सोपं आहे.

काळीमाती_घाटंजी:
सरकी आजच माळ्यावर टाकली. हिरवट बलक आमच्या घरी पण निघते, आई म्हणायची जुनं अंडं आहे.

अंडी फोडून पाहिली आणि फोटो टाकतो म्हटलं तर साईट घेत नाही. शब्दांत सांगतो. ताज्या अंड्यांतही बऱ्याच ठिपक्यांना कडं नाही, म्हणजे घट्ट पांढरा ठिपका. काहींना कडं आहे. म्हणजे उन्हाळ्यातलं टोपलीचंही खरं आणि नराचंही खरं, असं समजू काय?

व्हेट_शेवटचं_वर्ष:
हो, असंच दिसतंय. आता नर तपासायला आणखी दोन गोष्टी बघा. एक, त्याच्या गुदाभोवती पिसांत उवा आणि पांढरट गोळे. शेपटीखाली टॉर्च मारा. उवांच्या अंड्यांचे गठ्ठे पिसांच्या मुळाशी चिकटलेले असतात. नराला बाहेर येणारं लिंग नसतं, दोघांची गुदं टेकली तरच बीज जातं, तिथं उवा आणि चिकटलेली विष्ठा असली तर चढणं होतं पण काम होत नाही. तिथली पिसं कात्रीनं आखूड करून पाहा. दुसरं, पाय. चौथ्या वर्षाच्या असीलच्या नख्या आणि तंगडीवरचे काटे एवढे वाढतात की मादीवर तोल राहत नाही.

आणि त्याचा तुरा कसा आहे? असीलचा वाटाण्यासारखा तीन ओळींचा असतो, तो ठीक. पण कुणाच्या गावरान नरांत चपट्या, खडबडीत, मागं टोक आलेल्या तुऱ्याचा कोणी असेल तर लक्ष ठेवा. त्या तुऱ्याचा जनुक दोन्ही आईबापांकडून आला असेल तर नराच्या शुक्रजंतूंची हालचाल जन्मतःच मंद असते. अशा नराला कितीही पिसं गाळायला लावा, उपयोग नाही.

धानपट्टा_गोंदिया:
आमच्याकडं कडकनाथ, एकेरी तुरा, म्हणून हा त्रास नाही. पण एक सांगते, कडकनाथचा तुरा काळसर-जांभळा असते, लाली कळत नाही. नर सुकला की नाही ते रंगावर नाही, तुऱ्याच्या जाडीवर पाहावं लागते. दोन बोटांत धरला की भरलेला तुरा उबदार आणि टणक लागते, विश्रांतीतला पातळ कागदासारखा. असीलचा तुरा एवढासा, तुम्ही चेहऱ्याची लाली पाहा.

मी केलं आहे हे आमच्या मोठ्या नराला, उपाशी न ठेवता. हिशेबीभाऊ विचारत होते म्हणून सांगते. भाताच्या कोठाराची खोली होती, खिडकीला बारदान दुहेरी लावलं. सकाळी आठला उघडायची, चारला बंद करायची. म्हणजे उजेड आठ तास. खायला चाळलेला कोंडा आणि थोडे धान, बस. सोयाबीन नाही, फिशमील नाही, बाजारचं खाद्य नाही. पाणी भरपूर, मटक्यातलं. माद्यांचा आवाज येणार नाही अशी खोली. सुरुवातीला कोंडलेला नर चिडतो, दारावर धडका देते, मग शांत होते. आरवणं कमी झालं की समजायचं लागू पडलं. मग मानेची पिसं सकाळी खाली पडलेली दिसतात, मूठभर, मग टोपलीभर.

निवृत्त_पशुधन:
ताईंनी बरोबर केलं, यापेक्षा मी काय सांगणार. थोडी भर घालतो.

हे सुरू करायची वेळ आता आहे, भाद्रपद ते कोजागिरी. दिवस आपसूक लहान होताहेत, नर झडायच्या बेतात आहे, उष्मा उतरतोय. निसर्ग जिकडं ढकलतोय तिकडंच आपण ढकलायचं. वैशाखात अंधाऱ्या खोलीत नर कोंडला तर मोल्टिंग राहील बाजूला, उष्माघात होईल. खोलीला उजेड नको पण वारा हवा; बारदान लावा, प्लास्टिक ताडपत्री नको.

सुरू करण्याआधी जंताचं औषध आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस. मधे नाही. पिसं उगवत असताना पक्ष्याची सगळी ताकद तिकडं लागलेली असते, लसीलाही नीट प्रतिसाद मिळत नाही. दर आठवड्याला वजन करा. एका हातानं छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. हाड टोचायला लागलं तर त्याच दिवशी दाणा वाढवा, पिसं गळोत न गळोत.

तीन-चार आठवडे हलका आहार आणि आठ तास उजेड. तोवर मोठी पिसं सुटलेली असतात. नीट पाहायचं असेल तर पंख पसरवा. पंखाच्या मधोमध एक आखूड पीस असतं, त्याच्या बाहेरच्या बाजूला दहा लांब पिसं. झड त्या मधल्या पिसाकडून टोकाकडं सरकते. तुम्हाला निळसर नळीत गुंडाळलेली नवी पिसं दिसतील, नळीत रक्त असतं. ती मोडली तर रक्त वाहतं आणि दुसऱ्या कोंबड्या ते चोचून त्याला मारूही शकतात, म्हणून या काळात तो एकटाच हवा, आणि उगाच हातात घेऊ नका. एक लांब पीस पूर्ण व्हायला सहा आठवडे घेतं.

आणि त्या नळ्या दिसायला लागल्या की आहार उलटा करायचा. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिन, आणि त्यात गंधक असलेला मिथिओनिन नावाचा प्रथिनातला घटक लागतो. सोयाबीनमध्ये प्रथिन भरपूर पण मिथिओनिन कमी; तिळाच्या ढेपेत ते भरपूर. दोन्ही मिसळा. सोयाबीन कच्चं कधीच नाही. आपल्याकडं पोत्यातलं सोयाबीन तसंच टाकतात, त्यातल्या घटकानं प्रथिनाचं पचनच अडतं. भाजून भरडा. पावसानंतर उधई निघते, ती मिळाली तर सोनं. मोड आलेले गहू द्या, ई जीवनसत्त्वासाठी.

उजेड मग एकदम नाही, आठवड्याला तास-दीड तास वाढवत चौदापर्यंत न्या. साधा पिवळा बल्ब पहाटे लावला तरी पुरतो. लोड शेडिंग असेल तर पहाटेचं वेळापत्रक सांभाळा, आज चौदा तास उद्या अकरा असं झालं की पुन्हा मेंदू गोंधळतो.

हिशेबी_वाशीम:
आणि माद्यांवर कधी सोडायचा?

व्हेट_शेवटचं_वर्ष:
घाई करू नका. शुक्रजंतू बनायलाच दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, तेही वृषणं पूर्ण भरल्यावर. उजेड वाढवल्यापासून दीड-दोन महिने धरा. चेहरा लाल, आरवणं पहिल्यासारखं, पिसं पूर्ण, मग सोडा.

आणि सोडल्यावर पहिल्या आठवड्यातल्या अंड्यांवरून निकाल लावू नका. मादीच्या पोटात बीज साठवायच्या नळ्या असतात, आधीच्या नराचं बीज तिथं दोन-तीन आठवडे टिकतं. मधल्या काळात दुसरा नर सोडला होता तर पिल्लं कुणाची, हे असील वंश राखणाऱ्याला महत्त्वाचं. तीन आठवडे माद्या रिकाम्या ठेवून मगच हा नर सोडा.

ज्यांच्याकडं कॉलेज जवळ आहे त्यांना मालिशनं वीर्य काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेता येईल. बरोज आणि क्विन यांची १९३० च्या दशकातली पद्धत आजही तीच. पाठीवर शेपटीकडं हात फिरवायचा आणि गुदाजवळ हलका दाब. पाव ते अर्धा मिली निघतं, दुधासारखं दाट असावं. पाण्यासारखं पातळ निघालं तर नर अजून तयार नाही.

कोंबडबाजार_नको:
मी चंद्रपूरचा. एक शंका. असीलला कोंडून, अंधारात ठेवून, मालिश करून... हे सगळं कोंबडबाजारवाले झुंजीआधी करतात. या धाग्यावरचं वाचून उद्या कोणी तेच करेल.

निवृत्त_पशुधन:
शंका रास्त. पण झुंजीचा नर मस्तीत हवा, आणि या पद्धतीनं तीन महिने तो मऊ पडतो. झुंजवाल्याच्या काही कामाचं नाही. झुंज लावणं हा गुन्हा आहेच, ते सांगायला नको.

सावजी_दरबार:
मऊ पडतो म्हणजे शिजायलाही...

काळीमाती_घाटंजी:
दरबार!!

मंडळी, ठरवलं. खत-बियाण्याची खोली रिकामी आहे, तिथं बारदान लावतो. काटे कापले, शेपटीखाली खरंच उवा निघाल्या, त्याला औषध लावलं. माद्या बाजूला केल्या. नंतर कळवतो.

धानपट्टा_गोंदिया:
खत-बियाण्याची खोली? आधी कीटकनाशकाचे डबे, बियाण्याला लावायचा रंग, सगळं काढा जी, आणि दोन दिवस उघडी टाका. लाल-गुलाबी रंगाचं एक बी जरी खाली पडलेलं असलं तरी तो चोचेल.

काळीमाती_घाटंजी:
बरं झालं सांगितलं. मग तुरीच्या कुटाराची खोली घेतो.

काळीमाती_घाटंजी (माघ महिना):
राम राम. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितो.

पिसं गळाली, अगदी डॉक्टरसाहेब म्हणाले तशी, मधल्या पिसाकडून बाहेर. मधे एकदा वजन फार उतरलं होतं, तेव्हा दाणा वाढवला. आता नवा पिसारा असा आला की बायको म्हणते हा दुसराच नर आणला काय. दिवाळीनंतर उजेड वाढवला, पौषात माद्यांवर सोडला. तीन आठवड्यांनंतरची अंडी फोडून पाहिली तर बहुतेकांना कडं आहे. पहिल्या वर्षासारखं म्हणणार नाही, पण गेल्या आषाढाच्या मानानं पुष्कळ बरं. खुडूक बसलेल्या एका कोंबडीखाली ठेवली आहेत.

आता खरा गुंता असा की मी सरकी काढली, खाद्य वेगळं केलं, उवा काढल्या, काटे कापले, अंडी माठात ठेवली, आणि मोल्टिंगही केलं. नक्की कशानं फरक पडला ते कसं कळावं?

निवृत्त_पशुधन:
आता नाही कळणार. शिवाय माघातली हवाच नराला मानवते, तोही वाटा धरा. चैत्र-वैशाखात अंडी पुन्हा फोडून पाहा, तेव्हा थोडंफार कळेल. आणि वय सरतच असतं. हा नर आणखी एक-दोन हंगाम देईल असं धरा आणि या पिल्लांतले दोन-तीन तलंगे वेगळ्या माद्यांसाठी राखा, असील दुसऱ्या कुणाशी अदलाबदल करा.

हिशेबी_वाशीम:
माझ्या सासुरवाडीला रिसोडकडं एकाचा असील नर आहे, रंगानं वेगळा, रक्ताचा संबंध नाही. तुमचा एक तलंगा द्या, त्याचा एक आणून देतो. साडूंना मात्र अजून पटलेलं नाही.

काळीमाती_घाटंजी:
चालते. होळीपर्यंत पिल्लं वेगळी होतील, तेव्हा व्यक्तिगत निरोप पाठवतो.